रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०: पहिल्या ५०० किलोमीटरसाठी कशी आहे?

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळायच्या काळात, ही गाडी पळवणाऱ्यांपेक्षा वरच्या गिअरमध्ये कमी वेगात रखडवणारेच तिचं जास्त वाटोळं करतात. ३४९ सीसीचं इंजिन ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेरे) २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देतं, म्हणून पाचव्या गिअरमध्ये ३५ च्या वेगातही ते बंद पडत नाही. धडधड कानाला गोड लागते, पण तेव्हा पिस्टन आणि बेअरिंगवर भार पडतो आणि इंजिन सावकाश फिरत असल्याने ऑइलचा दाबही कमी असतो. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर दिलेला नाही, ही मोठी उणीव. हिसके जाणवले की एक गिअर उतरवा. ५० च्या आत पाचवा टाकूच नका.

वेग ४० ते ६० मध्ये सतत कमी-जास्त ठेवा. सिलिंडरच्या आतल्या बारीक रेघांवर पिस्टनच्या रिंगा घासून बसायला बदलता भार लागतो. हायवेवर तासभर एकाच वेगाने गेलात तर तो मिळत नाही. डबल सीट घाट नंतर.

पुढची डिस्क ३०० मिमीची असली तरी नवे ब्रेक पॅड बोथटच लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून २० पर्यंत दहा-बारा वेळा हळूहळू दाब वाढवत ब्रेक लावा, मध्ये डिस्क निवू द्या. नवे टायरही गुळगुळीत असतात, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर गाडी फार तिरकी करू नका. आणि १९५ किलोचं धूड आहे: यू-टर्नमध्ये हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलात, तर तोल सावरणं अवघड. तिथे मागचाच वापरा.

पहिली सर्व्हिस ५०० किलोमीटर किंवा ४५ दिवस, जे आधी होईल ते. निघालेल्या ऑइलमध्ये धातूचा चुरा असतो, म्हणून फिल्टरही बदलून घ्या. ग्रेड १५डब्ल्यू-५०, डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं हवं; कारचं ऑइल भरलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. चेन या काळात ताणते, तिचा ढिलेपणा आणि स्पोक समोर उभं राहून तपासून घ्या. सेंटर स्टँड असल्याने चेनला ल्यूब मारणं घरीही सोपं, हे या गाडीचं सुख.

स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. पंक्चर झालं की हवा भसकन जाते आणि चाक खोलावं लागतं. रोज लांबचा प्रवास असेल तर अलॉय आणि ट्यूबलेसचं मॉडेल घ्या, रंग दुसरा मिळाला तरी.