पायी सहलींसाठी वायरलेस गाईड सेट: ८ महिन्यांच्या वापरानंतर

पेटीत गाईडच्या माइकचा आवाज पाठवणारा १ ट्रान्समीटर, तो पाहुण्यांना ऐकवणारे ३० रिसीव्हर, एका कानाला अडकवायचे ३० इअरपीस, आणि तीच पेटी चार्जर. गर्दीच्या हेरिटेज वॉकला रोज वापरल्यावरचं मत एका ओळीत: ऐकू न येण्याचा प्रश्न सुटतो, गर्दीचा सुटत नाही. उलट सेट आला की गट फुगतो.

आधी ऐकण्याचं. साधं बोलणं १ मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ८ मीटरवरच्या माणसापर्यंत पोचतात ४२. वाहता रस्ता ७० च्या आसपास. गाईड ओरडतो, मग शेजारच्या गटाचा गाईड त्याच्यावर आवाज चढवतो आणि वरच्या मजल्यावरचे रहिवासी खिडक्या लावून घेतात. सेटमुळे ही चढाओढ थांबते, हा त्याचा खरा फायदा. व्हेनिसने २०२४ पासून गटावर २५ जणांची मर्यादा घातली आणि लाउडस्पीकरही बंद केले. दोन्ही एकत्र केलं हे बरं झालं, कारण आवाज हा अर्धाच त्रास.

रेंजचे आकडे मोकळ्या मैदानातले असतात. हा सेट २.४ गिगाहर्ट्झचा, या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे दाटीत रेंज चांगलीच आखडते. ट्रान्समीटर कंबरेला मागे लावला तर गटाकडे तोंड करून उभं राहिल्यावर गाईडचं स्वतःचंच अंग आड येतं. पुढे लावला तर चालताना तेच. खांद्याजवळ पट्ट्यावर अडकवावा, खरखर बरीच कमी होते. रिसीव्हर गळ्यातल्या दोरीने छातीवरच राहू द्यावा, खिशात नको.

चॅनेल निघण्याआधीच लॉक करा. चुकून बटण दाबलं गेलं की पाहुणा शांतपणे दुसऱ्याच गटाचा इतिहास ऐकत राहतो आणि तक्रारही करत नाही. (एकाने तर उलट कौतुक केलं.) श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना कानाला अडकवायचा इअरपीस बसत नाही, त्यांच्यासाठी गळ्यात घालायचा इंडक्शन लूप (चुंबकीय क्षेत्रातून आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार) वेगळा घ्यावा लागतो, तोही त्यांच्या यंत्रात टी-कॉइल (ते क्षेत्र पकडणारं छोटं वेटोळं) असेल तरच चालतो.

आता गर्दी. ३० माणसं दोन-दोनच्या ओळीत, ओळींमध्ये दीड मीटर धरलं तर शेपूट २१ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालीने एवढी रांग एका जागेवरून सरायला १७-१८ सेकंद, १० मीटरचा रस्ता ओलांडायला आणखी ८. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा २० सेकंदांचा असेल तर गट तुटतोच. १६ जण असतील तर सगळं १७-१८ सेकंदांत आटोपतं. म्हणून आमचा आकडा १६.

शिवाय आवाज कानातच येत असल्याने मागचे रेंगाळतात. गाईड 'ही खिडकी' म्हणतो तेव्हा शेवटचा माणूस भलत्याच इमारतीसमोर असतो. 'डावीकडे, दुसरा मजला, हिरवी गॅलरी' असं बोलायची सवय लावावी. रस्ता ओलांडताना मात्र तोंड पूर्ण बंद. एक कान आधीच झाकलेला असतो, त्यात गोष्ट ऐकू आली की हॉर्नकडे लक्ष राहत नाही.

फुकट नोंदणी आणि शेवटी ऐच्छिक मोबदला, अशा सहलींत गट फुगणं जास्तच होतं. न येणारे बरेच म्हणून नोंदणी जादा घेतात, आणि छान हवेच्या रविवारी सगळेच उगवतात. त्यात कित्येक ठिकाणी गाईडला दर पाहुण्यामागे आयोजकाला पैसे भरावे लागतात, त्यामुळे नोंदणी कुठे थांबवायची हे त्याच्या हातात नसतं. ३० रिसीव्हर असले की ३० जण घेतले जातात. सेट २० चाच घ्या: १६ वापरात, ४ सुटे.

वाटपाला ३० जणांमागे ८ ते १० मिनिटं जातात. ते प्रसिद्ध पुतळ्यापाशी करू नका, तिथे आधीच तीन गट असतात. एक गल्ली अलीकडे करा.

बिघाड जवळजवळ एकाच जागी: इअरपीसचा ३.५ मिमी जॅक. रिसीव्हरला वायर गुंडाळून ठेवली की जॅकच्या मुळाशीच तुटते, आधी आवाज येतो-जातो, मग जातोच. सैल वेटोळं करून ठेवावी. इअरपीसवरचे स्पंज रोज बदलावेत. आणि शेवटी पेटीतले रिकामे खाचे मोजायचे, पाहुणे निघण्याआधी. नंतर मोजले तर एखादा रिसीव्हर कुणाच्या तरी गळ्यात हॉटेलवर पोचलेला असतो.