पेरूच्या लाकडाचं पेन: 8 महिन्यांनी गेलेला तडा

परवा लिहिता लिहिता अंगठ्याला काहीतरी बोचलं. पाहतो तर पेरूच्या पेनाच्या खालच्या भागावर केसाएवढी उभी चीर. वाळून गेलेल्या झाडाच्या नव्हे, छाटणीत पडलेल्या ओल्या फांदीतून कातलेलं हे पेन 8 महिने रोज हातात होतं. किट, म्हणजे पेनाच्या धातूच्या तयार भागांचा संच, नेहमीचंच, 7 मिलिमीटरच्या पितळी नळ्यांचं, पिळून उघडणारं.

पहिला राग नळी लाकडात चिकटवणाऱ्या सुपरग्लूवर निघाला. पेरूला तो चालत नाही, एपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा, असं लिहायलाही बसलो होतो. पण पेन सोडवलं तर नळी लाकडाला घट्ट चिकटलेली. ग्लू शाबूत, फाटलं होतं ते लाकूड. तेव्हा माझं आधीचं मत मागे घेतो. चूक माझ्या घाईची आहे.

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने होणारं आटणं गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आटण्याच्या साधारण दुप्पट. आत पितळ बसलेलं, ते जागचं हलत नाही. कातल्यावर नळीभोवती लाकूड उरतं ते टोकांशी मिलिमीटरभरही नसतं. ते महिनोन्महिने आवळत राहतं आणि एक दिवस उभं फाटतं. जाडीच्या दर इंचाला 1 वर्ष हा वाळवणीचा जुना ठोकताळा मला माहीत होता. ठोकळा जेमतेम 20 मिलिमीटरचा, म्हणून 3 महिने पुरतील असं धरलं. नाही पुरले.

माझं दुसरं पेन फणसाच्या लाकडाचं, त्याच आठवड्यात, त्याच ग्लूने केलेलं. त्याला ओरखडाही नाही. ते पाडलेल्या जुन्या दाराच्या चौकटीतून निघालं होतं, म्हणजे लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं. कातलं तेव्हा आतून हळदीसारखं पिवळं होतं, आता मधासारखं तपकिरी झालंय. हा बदल रोज डोळ्यांसमोर होताना पाहणं हे या 8 महिन्यांतलं सगळ्यात मोठं सुख. बुरशीने लाकडात उमटलेल्या काळ्या रेघांचं तिसरं, आंब्याचं पेन दिसायला तिघांत देखणं, पण त्यावर लाखेचं पॉलिश केलं होतं. बोटं टेकतात तिथलं 2 महिन्यांत उडालं आणि लाकूड मळलं. फणसावर पॉलिशऐवजी सुपरग्लूचे पातळ थर दिले होते, ते अजून चकचकीत आहेत.

फुटलं म्हणून नवीन किट मी घेणार नाही. आतून सळई घालून टोक आणि पिळाचा भाग ठोकून काढला, दोन्ही धड निघाले. फाटलेलं लाकूड लेथवर नळीपर्यंत कातून टाकलं, पितळ पॉलिश पेपरने खडबडीत केलं. नळी पुन्हा वापरता येते, फेकू नका.

पेरूचा नवा ठोकळा फांदी गाभ्यावरून उभी चिरून काढलाय, कारण गाभा आत राहिला की तडा हमखास. दोन्ही टोकांना मेण लावलं, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि तिथूनच भेगा सुरू होतात. तारीख आणि वजन ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहितो. सुरुवातीला 55 ग्रॅम होता, काल 44 भरला. अजून आठवड्याला ग्रॅमभर उतरतोय. सलग 3 आठवडे काटा एकाच आकड्यावर थांबेपर्यंत त्याला ड्रिल लावणार नाही.