खारीचा विमा: साडेअकरा महिन्यांनंतर

खारी आमची देशी कुत्री. वारज्याच्या पुलाखाली सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती, आता साडेतीन वर्षांची आणि १८ किलोची आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिचा विमा उतरवला. तेव्हापासून तिचं एक मोठं आजारपण झालं आणि एक ऑपरेशन. आजारपणाचा एक रुपया मिळाला नाही, ऑपरेशनचे बहुतेक पैसे मिळाले. विमा घ्यावा का असं कुणी विचारलं तर मी सांगते, जरूर घ्या, पण ऑपरेशनसाठी म्हणून घ्या. बाकीच्यासाठी पैसे वेगळे ठेवा.

आमचा हप्ता जीएसटी धरून ५,२०० रुपये. त्यात ऑपरेशन आणि ॲडमिट होण्याचा खर्च ४०,००० पर्यंत, मंजूर बिलातले १० टक्के आपण भरायचे. शिवाय कुत्रं चावल्यास समोरच्याच्या उपचाराचा खर्च, चोरी आणि मृत्यू. सोसायटीत राहणाऱ्यांनी चावण्याचं कव्हर सोडू नये. लिफ्टमध्ये एखादं पोर अचानक अंगावर आलं तर शांत कुत्रंही दचकतं. लस, जंताचं औषध, नसबंदी, दात साफ करणं हे आमच्या पॉलिसीत नाही.

घेताना मी तीन प्लॅन शेजारी ठेवून नुसते आकडे पाहिले. पाहायला हवी होती ती ‘ॲडमिट’ या शब्दाची व्याख्या. ते ऑक्टोबरच्या शेवटी कळलं.

दिवाळीच्या तोंडावर खारी दोन दिवस जेवेना. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिचा ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबला. एरवी बोट उचललं की हिरडी लगेच गुलाबी होते, त्या दिवशी पांढरीच राहिली. मागच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात दोन गोचिड्या टम्म फुगून बसलेल्या. गोचीडताप. प्लेटलेट ३८,०००, जिथे निदान पावणेदोन लाख हव्यात. चार दिवस रोज सकाळी क्लिनिकमध्ये न्यायचं, सलाईन लावायचं, संध्याकाळी घरी आणायचं. मग २८ दिवस डॉक्सीसायक्लिन, तीही पोटात काहीतरी घालूनच. दर आठवड्याला रक्त तपासायचं. खर्च ९,४०० रुपये.

क्लेम नामंजूर. कारण सलग २४ तास ॲडमिट नव्हती, आणि ओपीडीचं कव्हर आम्ही घेतलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे कंपनी चुकीची नाही. पण पॉलिसी विकताना फोनवरच्या माणसाने ‘ताप-बिप सगळं कव्हर होतं, मॅडम’ असं सांगितलं होतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी जे तोंडी सांगितलं ते ईमेलवर मागवून घ्या. दिलं नाही तर ते नाहीच असं समजा. पुण्यात गोचीडताप कुत्र्यांना बऱ्याचदा गाठतो. ही तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीतही अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घराचे कोपरेही धुवावे लागतात.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आम्ही खडकवासल्याला गेलो. कणसांच्या गाड्यांपाशी कुणीतरी दाणे खाऊन टाकलेलं कणीस खारीने उचललं आणि ओढून काढेपर्यंत अर्धं गिळलं. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. एक्स-रेवर नीट काही दिसलं नाही, सोनोग्राफीत आतड्यात अडकलेला तुकडा दिसला. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, आज रात्रीच उघडावं लागेल. आतडं काळं पडलं तर ते कापावं लागतं.’ त्या क्षणी पैशांचा विचार न करता ‘करा’ म्हणता आलं, याचं मोल मला हप्त्यापेक्षा जास्त वाटतं. आतडं वाचलं. तीन रात्री ती तिथेच होती.

बिल ४६,३०० झालं. आधी आपण भरायचं, मग कंपनीकडे मागायचं. मी ऑपरेशनच्या रात्रीच ईमेलने कळवलं होतं. आठ दिवसांनी कंपनीकडून शंका आली: पॉलिसीत ‘देशी’, हॉस्पिटलच्या बिलावर ‘लॅब मिक्स’ (लॅब्राडॉरचा संकर), आणि ओळख पटवणाऱ्या चिपचा नंबर कुठेच नाही. म्हणजे ऑपरेशन झालेली कुत्री हीच कशावरून? सुदैवाने विमा घेतानाच चिप बसवली होती. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात आणि नंबर १५ आकडी असतो. डॉक्टरांनी स्कॅन करून लेटरहेडवर तो नंबर, जात आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहून दिला. विशेष खाणं आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा कोन यांचे २,८०० वजा झाले, उरलेल्या ४३,५०० मधून आमचा वाटा ४,३५०. खात्यात ३९,१५० जमा झाले, कागद पूर्ण झाल्यापासून १९ दिवसांनी.

देशी कुत्र्यांचा विमा घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते. जातिवंत कुत्र्यांकडे केनेल क्लबचे कागद असतात, आपल्याकडे नसतात. त्यामुळे वय डॉक्टरांकडून दातांवरून ठरवून लिहून घ्या. लसीचं पुस्तक, महापालिकेचा परवाना, चारही बाजूंचे फोटो एका फायलीत ठेवा, आणि दवाखान्यात नाव नोंदवतानाच चिपचा नंबर आणि पॉलिसीतली जात सांगा. क्लेम नाहक अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. त्यांचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे आणि तक्रारीला फी लागत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

आता नूतनीकरण आलंय. कंपनी बदलायचं मनात होतं, पण नव्या कंपनीकडे गोचीडताप ‘आधीचा आजार’ म्हणून धरला जाईल आणि थांबण्याचा काळही (पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीला क्लेम मिळत नाही तो) नव्याने सुरू होईल. म्हणून इथेच राहतेय. ओपीडीचं कव्हर १,९०० रुपये जादा आणि वर्षाची मर्यादा ५,०००. ते घेतलं नाही, त्याऐवजी खारीच्या नावाने महिना ७०० रुपयांचं आरडी उघडलंय. बाबा रोज फिरून आल्यावर तिच्या बोटांच्या बेचक्या तपासतात, आणि खडकवासल्याला जाताना आता तिच्या तोंडाला जाळी असते.