कंबरदुखीनंतर कामावर: रोज अर्धा दिवस की दिवसाआड पूर्ण?

दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं की ‘पूर्ण बरं वाटेपर्यंत घरी’ हा हिशोब सहसा चुकतो. पडून राहून पाठ आणखी आखडते. म्हणजे जायचं तर आहेच. कसं, एवढंच ठरवायचं.

पतसंस्थेसारख्या सहा दिवस चालणाऱ्या ठिकाणी रजा दोन्हीकडे सारखीच, आठवड्याला तीन दिवस. प्रवास मात्र सारखा नाही: रोज अर्धा दिवस म्हणजे जाऊन-येऊन बारा फेऱ्या, दिवसाआड म्हणजे सहा. पावस गावाहून रत्नागिरीला स्कूटरने येणाऱ्याला पावसाळ्यात हा फरक जाणवतो. पाणी साचलेला खड्डा दिसत नाही आणि धक्का थेट कमरेत बसतो. एसटी बरी, पण पुढच्या-मागच्या चाकांच्या मधली सीट धरावी. शेवटची रांग सगळ्यात जास्त आपटते.

इथवर दिवसाआडचं पारडं जड. माझं मत फिरलं ते टेबलावरच्या ढिगामुळे. एक दिवस आड गेलं की कालची व्हाउचरं, राहिलेल्या पासबुकांच्या नोंदी, शिवाय ‘तुमचीच वाट बघत होतो’ म्हणणारे खातेदार. अर्ध्या तासाने उठायचा गजर वाजतो आणि ‘एवढं एक उरकतो’ म्हणत आपण तो बंद करतो. दीड-दोन तास सलग बसणं होतं, तेही पुढे वाकून. तेव्हा कळत नाही. रात्री कूस बदलताना कळतं. पुढची सुट्टी पडून जाते, परवा नवा ढीग. आणि सुट्टी बरी गेलीच तर घरात कोण स्वस्थ बसतो? नारळ सोलायचे असतात, जुलैत लावणी असते.

अर्ध्या दिवसात ढीग होत नाही. कटकट रोकड सोपवायची: दुपारी मोजून, सही घेऊन काउंटर द्यायचा. ते उभ्यानेच करावं.

सुरुवात रोज तीन तासांच्या कामाने करावी. कामानंतर थोडं वाढलेलं दुखणं सकाळपर्यंत नेहमीवर आलं, तर पुढच्या आठवड्यात अर्धा तास वाढवावा. नाहीतर आहे तिथेच थांबावं. गोळीच्या जोरावर वेळ वाढवू नये, अंदाजच चुकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं ‘हलकं काम’ नको, साहेब त्याचा अर्थ सोयीने लावतात. ‘सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, वाकून वजन उचलू नये’ असं लिहून घ्यावं. कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला पंचा, पाय टेकत नसतील तर खाली पाट. कमरेच्या पट्ट्याचा मोह टाळलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट कंबरदुखीला त्याची शिफारस करत नाहीत. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही दिसलं तर दोन्ही बेत बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

देवरूखसारख्या लांबच्या गावाहून रोज रत्नागिरी करणाऱ्याला, किंवा ज्याच्या जागी आडदिवशी दुसरं कोणी खरोखर बसतं त्याला, दिवसाआड कदाचित मानवेल. फक्त ‘खरोखर बसतं का’ हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावं, आणि ते साहेबांना नको, शेजारच्या टेबलावर.