शिंजुकूच्या गल्ल्यांत एकट्याने घालवलेली रात्र

टोकियोच्या शिंजुकू भागातील 'गोल्डन गाई' म्हणजे हानाझोनो मंदिराशेजारच्या 6 अरुंद गल्ल्या आणि त्यांत दाटीवाटीने उभे असलेले 200 हून अधिक चिमुकले बार. एकट्या प्रवाशाला स्थानिकांशी ओळख करून घ्यायची असेल, तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, आणि त्याचे कारण तिथल्या अडचणीतच आहे: जेमतेम सात-आठ खुर्च्यांच्या खोलीत शेजाऱ्याचे कोपर लागतेच, मग बोलणे टाळणार तरी कसे? माझ्या शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांनी कागदाच्या चिठोऱ्यावर माझे नाव काताकाना लिपीत लिहून दिले आणि प्रत्येक अक्षर माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले; मालकीणबाई बर्फाचा खडा सुरीने तासता तासता आमच्यात दुभाष्याचे काम करत होत्या. तो चिठोरा मी अजून जपून ठेवला आहे.

खर्चाबाबत मात्र सावध राहावे. अनेक ठिकाणी बसण्याचे वेगळे शुल्क असते, आणि न मागता समोर येणाऱ्या 'ओतोशी' या छोट्या पदार्थाचे पैसेही बिलात धरले जातात. दुसऱ्या एका बारमध्ये हे शुल्क ना दारावर लिहिले होते ना कोणी तोंडी सांगितले, याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून बसण्यापूर्वीच विचारावे. काही बार केवळ नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असतात, तिथे नकार मिळाल्यास आग्रह धरू नये. गल्ल्यांत परवानगीशिवाय छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.