स्ट्रीटमिक्स: ओस पडलेल्या महामार्गाचा आराखडा आखताना किती उपयोगी?

बायपास निघाला किंवा खरेदी शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकली, की शहरातून जाणारा जुना महामार्ग हळूहळू ओस पडतो. गाळे बंद, त्यांच्यासमोर भलंमोठं रिकामं पार्किंग, आणि मधून पाच लेनवर सुसाट गाड्या. असा रस्ता पुन्हा जिवंत करायचा आराखडा सुरू झाला की पहिल्या बैठकीपासूनच स्ट्रीटमिक्सची रंगीत चित्रं टेबलावर दिसू लागतात. ब्राउझरमध्ये चालणारं, मुक्त स्रोत असलेलं आणि मूळ वापरासाठी मोफत असं हे साधन २०१३ पासून उपलब्ध आहे. फूटपाथ, लेन, झाडं, बसथांबा असे तुकडे ओढून आणायचे, रुंदी टाकायची, आणि रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापला तर कसा दिसेल त्याचं चित्र, तयार. पण महामार्ग ओस पडण्याची निम्मी कारणं लांबीत असतात, आणि हे साधन फक्त रुंदी दाखवतं. ही मर्यादा डोक्यात ठेवून वापरलं तर ते उत्तम आहे. नाही ठेवली तर देखणं चित्र हातात राहतं आणि आराखडा अडतो.

पहिली चूक रुंदी टाकतानाच होते. डांबराची रुंदी टाकू नका. दोन्ही बाजूंच्या मालमत्तांच्या हद्दीपर्यंत मोजा, आणि निदान तीन ठिकाणी मोजा. जुन्या महामार्गांची हद्द सरळ नसते. समजा हद्द ते हद्द ३० मीटर भरलं. सध्याची स्थिती अशी मांडता येईल: ३.६ मीटरच्या चार लेन, मध्ये ४.२ मीटरची वळणाची लेन, दोन्ही बाजूंना ३ मीटरचा शोल्डर (लेनच्या बाहेरची मोकळी कड) आणि कडेला २.७ मीटरची मोडकी पट्टी. बेरीज बरोबर ३०. एखादा तुकडा वाढवला आणि बेरीज हद्दीबाहेर गेली की स्ट्रीटमिक्स लगेच दाखवतं. लेन फार अरुंद किंवा फार रुंद झाली तरी सांगतं. बैठकीत याचा मोठा फायदा होतो. ‘सगळं बसवा’ म्हणणाऱ्याला स्वतःच्याच हातांनी कळतं की सायकल ट्रॅक घ्यायचा तर दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

चारही लेन ठेवायच्या असतील तर आतल्या ३.१ आणि कडेच्या ३.३ मीटर करा. बसची अंगची रुंदी २.५५ मीटरच्या आसपास असते, आरसे धरून तीनच्या जवळ जाते, म्हणून जास्तीची जागा कडेच्या लेनला. चार लेन मिळून १२.८, दुभाजक ३, उरले १४.२, म्हणजे प्रत्येक बाजूला ७.१ मीटर. त्यात १.८ ची झाडांची पट्टी, २ चा सायकल ट्रॅक आणि ३.३ चा फूटपाथ नीट बसतात. चित्र छान दिसतं. खरा घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण हा छेद दोन चौकांच्या मधला आहे. चौकाजवळ तोच ३ मीटरचा दुभाजक वळणाच्या लेनमध्ये पूर्ण जातो आणि पायी ओलांडणाऱ्याला मध्ये थांबायला जागाच उरत नाही, तीही नेमकी जिथे सगळ्यात जास्त लोक ओलांडतात तिथे. बसथांब्यापाशी २.५ मीटरचा फलाट लागतो. सायकल ट्रॅक त्याच्या मागून न्यायचा तर फूटपाथ २.६ वर येतो. म्हणून एकाच रस्त्याचे किमान तीन छेद काढा: मधला भाग, चौकाचं तोंड, बसथांबा. एक छेद तयार झाला की त्याची प्रत काढून बदल करणं इथे मिनिटाभराचं काम आहे, तेव्हा आळस करायला कारण नाही. दुसऱ्याचा दुवा उघडून बदल केला तरी मूळ चित्र तसंच राहतं आणि बदललेली वेगळी प्रत तयार होते. पाच गटांना एकाच हद्दीवर पाच पर्याय काढायला लावता येतात, ते यामुळेच.

लेन कमी करण्याचा पर्याय चित्रात फारच सोपा वाटतो, म्हणून तिथे जास्त सावध राहावं. ३.३ च्या दोन लेन आणि मध्ये ३.६ ची वळणाची लेन घेतली तर आणखी ५.६ मीटर सुटतात. प्रत्येक बाजूला २.२ चं पार्किंग आणि गाडीचं दार उघडण्यासाठी ०.६ चं अंतर त्यात येतं. हे झेपेल का, हे मात्र वाहनांची मोजणीच सांगू शकते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार दिवसाला २०,००० पर्यंत वाहनं असलेला रस्ता अशा बदलासाठी चांगला उमेदवार ठरू शकतो. गर्दीच्या तासाला एका दिशेने ७५० पर्यंत वाहनं असतील तर बदल सहसा जमतो, ८७५ च्या पुढे अवघड होतो. पण हे आकडे दुभाजक नसलेल्या चार लेनच्या तीन लेन करण्यासाठी आहेत. तिथे वळणाऱ्या गाड्यांनी आतली लेन आधीच अडवलेली असते, म्हणून क्षमता फारशी घटत नाही. ज्या रस्त्याला मध्ये वळणाची लेन आहेच, त्याच्या पाचाच्या तीन केल्या तर दोन खऱ्या लेन जातात. हा फरक आराखड्यांत वारंवार निसटतो. सॅन दिएगोच्या बर्ड रॉक भागात ला होया बुलेव्हार्डच्या पाच लेनच्या दोन केल्या, त्या चौकाचौकांत मिळून पाच राउंडअबाउट (सिग्नलऐवजी गोल वळसा घालून जायचे चौक) बांधून. रस्ता अडतो तो चौकात, दोन चौकांच्या मध्ये क्वचितच. स्ट्रीटमिक्समध्ये प्रत्येक लेन तासाला किती माणसं वाहून नेऊ शकेल याचा अंदाज मिळतो, पण तो सर्वसाधारण क्षमतेवरून काढलेला आहे. तुमच्या सिग्नलची वेळ त्यात नाही. ते आकडे अहवालात घालू नयेत.

बदल नीट बसला तर काय होतं याचं नोंदलेलं उदाहरण ऑरलँडोच्या एजवॉटर ड्राइव्हचं. २००२ च्या सुमारास तिथे चाराच्या तीन लेन झाल्या. अपघातांचं प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि जखमी होण्याचं ६८ टक्क्यांनी उतरलं.

आता लांबीकडे. अशा महामार्गावर प्रत्येक दुकानाला गाडी आत घेण्याचे दोन-दोन कट असतात. १०० मीटरमध्ये ९ मीटर रुंदीचे सहा कट म्हणजे ५४ मीटर गेले. छेदात अखंड दिसणारी झाडांची रांग प्रत्यक्षात निम्मीसुद्धा लागत नाही, आणि सायकलवाल्याला दर सोळा-सतरा मीटरवर गाडी आडवी येते. यावर उपाय म्हणजे शेजारच्या पार्किंगच्या जागा मागून जोडणं, त्यासाठी मालकांमध्ये नोंदणीकृत करार करणं, आणि १०० मीटरला ७ मीटरचे दोनच कट ठेवणं. दुकानदारांशी हे बोलणं चित्र दाखवण्याआधी व्हायला हवं. नंतर विषय काढला की ‘गिऱ्हाईक आत कसं येणार?’ या एका प्रश्नावर सगळा आराखडा थांबतो, आणि तो प्रश्न रास्तच असतो.

छेदाच्या दोन्ही टोकांना हव्या तितक्या मजल्यांच्या इमारती उभ्या करता येतात. ही सोय सगळ्यात फसवी. लोक चित्रातल्या चार मजली इमारतींना पसंती देतात, आणि नियमांत मात्र पुढे १५ मीटर मोकळं सामासिक अंतर आणि ढीगभर पार्किंग सक्तीचं असतं. नियम तसेच राहिले तर ती इमारत कधीच उभी राहणार नाही. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनने कोलंबिया पाइकसाठी २००३ मध्ये इमारतींच्या आकारावर आधारलेली वेगळी नियमावली आणली. ती मालकांसाठी ऐच्छिक ठेवली, पण स्वीकारली तर परवानगी लवकर. आधी आपली नियमावली वाचा, मगच मजले चढवा. शिवाय पूर्ण लांबीला दुकानं दाखवू नका. सध्याचे गाळे रिकामे आहेत, याचं एक कारण व्यापारी जमीन गरजेपेक्षा जास्त आहे हेही असतं. दुकानं चौकांभोवती एकवटा, मधल्या भागात घरं येऊ द्या.

जमिनीखालचं या चित्रात काहीच नाही: पावसाळी गटार, पाण्याची लाइन, केबल. फूटपाथचा कर्ब, म्हणजे कडेचा उंच काठ, एक मीटर पुढे घेतला की गटाराची सगळी तोंडं हलवावी लागतात, आणि खर्च तिथेच फुगतो. म्हणून पहिला टप्पा कर्ब न हलवता, रंग आणि खांब लावून करता येईल असा वेगळा छेद काढून ठेवा. झाडांची पट्टी नक्की करण्याआधी लाइनींचा नकाशा मागवा.

छोट्या पडद्यावर तुकडे ओढणं जिकिरीचं होतं, बैठकीला लॅपटॉपच न्या. एकक मीटर आहे की फूट, हे सुरुवातीलाच तपासा. त्रिमितीय दृश्याची गरज पडली तर स्ट्रीटमिक्सचा दुवा थ्रीडीस्ट्रीट या दुसऱ्या साधनात उघडतो. मोजणी, कटांची यादी आणि नियमावलीतले बदल यांच्यासोबत ठेवायला या चित्रांइतकं झटपट दुसरं काही नाही. ठेकेदाराच्या हाती मात्र ती देऊ नका. उतार, पातळी आणि वळणाची त्रिज्या त्यांत नसते.