रस्त्याच्या निधीचा प्रस्ताव क्यूजीआयएसवर: कुठपर्यंत विसंबावं?

शहरातला रस्ता, पायवाट किंवा सायकलमार्ग यांचा प्रस्ताव निधीसाठी गेला की समोरून पहिला प्रश्न येतो, "हाच आधी का?" याचं उत्तर आकड्यांत आणि नकाशावर एकाच वेळी देणारं, फुकट मिळणारं साधन म्हणजे क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, नकाशे आणि त्यांच्याशी जोडलेली माहिती हाताळणारं हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. परवान्याचा खर्च नसल्यामुळे अभियंत्याने बनवलेली फाइल नागरिकांच्या गटालाही जशीच्या तशी उघडता येते आणि गणित तपासता येतं. सार्वजनिक पैशाच्या कामात ही गोष्ट फार मोलाची आहे.

याचं खरं बळ 'सर्व्हिस एरिया' या टूलमध्ये आहे. शाळेभोवती 800 मीटरचं वर्तुळ काढून "एवढी घरं चालत येण्याच्या अंतरात" असं लिहिणारे प्रस्ताव अजूनही दिसतात. मध्ये नाला किंवा रेल्वेमार्ग असला तर त्या वर्तुळाला अर्थ नाही. सर्व्हिस एरिया रस्त्यांच्या जाळ्यावरून प्रत्यक्ष 800 मीटर चालून दाखवतो. कृती सोपी आहे. क्विकओएसएम या प्लगइनने (जोडसाधनाने) ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरचे रस्ते उतरवायचे, ते त्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीत, आणायचे आणि टूल एकदा आहे त्या जाळ्यावर चालवायचं. मग प्रस्तावित पादचारी पूल किंवा जोडवाट काढून, दोन्ही थर (नकाशावरचे माहितीचे संच) 'मर्ज' म्हणजे एकत्र करून तेच टूल पुन्हा चालवायचं. दोन्ही निकालांभोवती 30-40 मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पट्टा, घेऊन आतल्या इमारती मोजायच्या. दोन आकड्यांतला फरक हा त्या कामाचा फायदा.

इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. नवी वाट जुन्या रस्त्याला जिथे मिळते, तिथे जुन्या रेषेवर बिंदू, म्हणजे व्हर्टेक्स, नसेल तर क्यूजीआयएसच्या लेखी त्या दोन रेषा जोडलेल्याच नाहीत. पडद्यावर त्या एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण दोन्ही वेळचा निकाल अगदी सारखा येतो आणि चांगली जोडवाट "निरुपयोगी" म्हणून यादीतून गळते. रेषा काढण्याआधी स्नॅपिंग (नवी रेषा जुन्या रेषेला नेमकी चिकटवणारं) आणि 'टोपोलॉजिकल एडिटिंग' (सामाईक बिंदू सांभाळणारं) ही दोन्ही बटणं चालू ठेवा, म्हणजे तो बिंदू आपोआप पडतो. उलट सगळ्या रेषा सरसकट छेदनबिंदूंवर तोडल्या तर उड्डाणपूल खालच्या रस्त्याला जोडला जातो आणि माणसं हवेतून खाली उतरू लागतात. अंतराऐवजी वेळ मोजणारा 'फास्टेस्ट' पर्याय वापरत असाल तर वेगही बघून घ्या: तिथे आधीपासून भरलेला ताशी 50 किलोमीटर हा गाडीचा आहे, पायी चालण्यासाठी 4.5 ते 5 टाका. एकदिशा रस्त्याचं बंधनही पादचाऱ्याला लावू नका.

शेजारशेजारच्या दोन प्रस्तावांचे फायदे स्वतंत्र मोजून बेरीज करू नये. दोन्ही वाटांनी तीच घरं जोडली जात असतील तर ती दोनदा मोजली जातात. आधी सर्वांत चांगली वाट जाळ्यात धरावी, मग उरलेल्या पुन्हा तपासाव्यात.

आता परिमाणं. 3 मीटर रुंदीची, 50 मिलिमीटर डांबरी थराची 1 किलोमीटर वाट म्हणजे 150 घनमीटर मिश्रण, 2.4 टन प्रति घनमीटर धरलं तर 360 टन. खालचा खडीचा थर दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटर जास्त आणि 150 मिलिमीटर जाड धरला तर दाबून बसलेली 540 घनमीटर खडी. सैल मोजायची तर याहून जास्त. हे सगळं फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे तक्त्याचे रकाने सूत्राने भरणाऱ्या साधनात, एका सूत्रात बसतं, पण लांबी कुठून घेतली ते महत्त्वाचं. नकाशाचा थर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, असेल आणि सूत्रात भूमितीची सपाट लांबी घेतली तर 20 अंश अक्षांशावर ती सुमारे 6 टक्के आणि 45 अंशांवर तब्बल 41 टक्के फुगते. म्हणजे त्याच वाटेला 360 ऐवजी साधारण 509 टन! डॉलरचिन्ह लावलेलं 'लेंथ' प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गोलसर आकारावर, मोजतं, तेच वापरावं. तो एलिप्सॉइड निवडलेला आहे ना, एवढं बघावं.

चढाच्या बाबतीत मात्र हात राखून वागलं पाहिजे. इलेव्हेशन प्रोफाइल, म्हणजे वाटेवरच्या उंचीचा आलेख, 3.26 आवृत्तीपासून आतच आहे आणि दिसतं सुरेख. पण मोफत मिळणारी बहुतेक उंचीची माहिती 30 मीटरच्या चौकटीची असते. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाच्या माहितीत तर झाडांचे शेंडे आणि छपरांचीही उंची मिसळलेली असते. शेजारच्या दोन चौकटींत 4 मीटरचा फरक चुकून आला तरी 13 टक्के चढ दिसतो, आणि पुलावरची वाट प्रोफाइलमध्ये नदीच्या पात्रात उतरते. व्हीलचेअरसाठी 5 टक्क्यांची मर्यादा पाळायची असेल तर असा तक्ता पुरावा म्हणून जोडू नका. कोणत्या टप्प्याची लेव्हल (जागेवरची उंचीची मोजणी) आधी घ्यायची ते ठरवायला तो पुरेसा आहे.

पैशाच्या बाजूला क्यूजीआयएस तोकडं पडतं, तरी एक सोय फारशी कुणी वापरत नाही. एका कामाला अनुदान, स्वतःचा हिस्सा आणि कर्ज असे तीन स्रोत असतात, म्हणून 'निधी' हा वेगळा तक्ता करा: काम क्रमांक, स्रोत, रक्कम, वर्ष. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधल्या 'रिलेशन्स'मधून तो कामांच्या थराला जोडला की नकाशावर रेषेला क्लिक करताच सगळे स्रोत दिसतात. 'रिलेशन अ‍ॅग्रिगेट' या सूत्राने त्यांची बेरीज घेऊन खर्चाशी ताडता येते. तूट असलेली कामं लाल करा. पण अनुदान पुष्कळदा खर्च झाल्यावर बिलं दाखवून मिळतं, तोवर रोख कुठून आणायची याचं महिनावार वेळापत्रक इथे जमत नाही. ते स्प्रेडशीटमध्येच करावं. देखभालीचा वार्षिक खर्चही वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर तो बांधकामाच्या रकमेत विरघळून जातो आणि पुढच्या अंदाजपत्रकात सापडत नाही.

पानं आपोआप बनवणारी 'अ‍ॅटलस' ही सोय उत्तम आहे. एक पान नीट मांडलं की चाळीस कामांची चाळीस पानं, नकाशा आणि आकड्यांसह, एका दमात निघतात. लांबी बदलली तर पुन्हा एक्स्पोर्ट करायचं, हाताने काही दुरुस्त करायचं नाही.

माहिती शेपफाइल या जुन्या फाइल-प्रकारात साठवू नका. तिथे रकान्याच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह 3 बाइट खातं. 'रुंदी' या नावात र, उकार, अनुस्वार, द आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे 15 बाइट. नाव 'रुं'वरच तुटतं. जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार वापरा. मात्र तीच जिओपॅकेज नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून तिघांनी एकदम संपादन केलं की फाइल अडकते. एकाहून जास्त माणसं लिहिणार असतील तर पोस्टजीआयएस हा सर्व्हरवरचा नकाशा-डेटाबेस उभारावा लागतो, आणि त्याला जाणकार माणूस लागतो.

नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी येते. कार्यालयात दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीआर, आवृत्तीच ठेवा आणि सगळ्यांकडे तीच असू द्या. अर्ज मंजूर झाला की रेषा डीएक्सएफ, म्हणजे कॅड या अभियांत्रिकी रेखांकनाच्या सॉफ्टवेअरला उघडता येणाऱ्या, फाइलमध्ये काढून सर्वेक्षकाच्या हाती द्या. वळणांची त्रिज्या, आडवा उतार आणि गटाराची पातळी कॅडमध्येच ठरली पाहिजे, निविदेचं रेखांकन क्यूजीआयएसवरून काढू नये.